गळ्यावरची रेघ

वरंधच्या कोंडाजी कुंभाराचं चाक बघायला माणसं वाट वाकडी करून येत. घाट उतरून आलेला गाडीवाला असो की शिवथरला निघालेला एखादा बैरागी, कोंडाजीच्या अंगणाशी पाय थबकायचाच. दांड्यानं चाक गरागरा फिरवून कोंडाजी उकिडवा बसायचा, गोळ्यात अंगठा रुतवायचा, आणि बघता बघता माती वर चढायची. पोट फुगायचं. मग दोन बोटं आणि एक ओली चिंधी लावली की गळा असा आवळून यायचा, की बघणाऱ्याच्या तोंडून 'वा रे पठ्ठ्या' निघालंच पाहिजे. मडकं सुतानं खालून कापून तो अलगद उचलून ठेवायचा आणि पुढचा गोळा घ्यायचा. कोण वा म्हणतंय, कोण नाही, त्याला काही सोयरसुतक नसे. मान म्हणून वर करायचा नाही.

सगळ्यांत जास्त बघितलं ते त्याच्या बायकोनं, तुळसानं. चौतीस वर्षं! आणि एकदाही तोंडानं वा म्हटलं नाही. नवऱ्याचं कौतुक तोंडावर करायची रीत कुठं होती हो तेव्हा? तिनं ते हातानं केलं. मडक्याचं पोट ती थापीनं ठोकून गोल करायची, पण गळ्याला थापी कधी लागू दिली नाही. गळा त्याचा, पोट माझं, असं तिनं मनाशी वाटून घेतलं होतं.

लग्नाची मडकी मात्र दोघांनी मिळून रंगवायची. भाजून निघालेलं मडकं चुंबळीवर ठेवून परत चाकावर मांडायचं. कोंडाजी तळव्यानं चाक हळूहळू फिरवायचा. समोर तुळसा बसायची आणि शिंदीची काडी चावून केलेला कुंचला चुन्यात बुडवून गळ्याला नुसता टेकवायची. हात हलवायचा नाही. मडकंच फिरायचं, आणि रेघ गोल जाऊन जिथून निघाली तिथंच येऊन मिळायची. जोड शोधून सापडायचा नाही. खालचे गेरूचे ठिपके आणि कोयऱ्या ती मागाहून काढायची. पार पोलादपूरपर्यंतच्या लग्नघरांत ही रेघ ओळखीची होती.

त्या वेळात दोघं एक अक्षर बोलत नसत. तुळसाला वाटायचं, या माणसाला मातीपुढं काही दिसतच नाही. लग्नाला पाचेक वर्षं झाली, मूलबाळ होईना, जीव उदास झाला होता, तेव्हा एकदा तिनं विचारलंही होतं, "माज्याकडं कधी बघता तरी का वो?"

"बघतो की," कोंडाजी म्हणाला आणि चाकावर गोळा आपटला. झालं बोलणं! त्या 'बघतो की'चा राग तुळसानं तीस वर्षं जपून ठेवला.

साल असेल छप्पन-सत्तावन्न. शिमगा झाला, कोंडाजी तापानं पडला आणि आठ दिवसांत गेला. आळीतले बाकीचे कुंभार केव्हाच मुंबईला गिरणीत गेले होते. उरली तुळसा, अंगणातलं थांबलेलं चाक आणि पडवीत त्यानं शेवटी घडवलेली पाच मडकी. शिवथरच्या सयाजीच्या मुलीच्या लग्नासाठी सांगितलेली. तुळसानं ती ठोकली, वाळवली, एकटीनं आवा पेटवून भाजली. एकही तडकलं नाही. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ती मडक्यांशीच बोलायची. आता तिचा एकच हट्ट होता. त्याच्या शेवटच्या मडक्यांवर रेघ आपल्या हातची जायला हवी. मग कुंचला चुलीत गेला तरी चालेल.

वैशाखात सयाजीची बायको साळूबाई आणि सयाजीची थोरली बहीण बनुबाई, दोघी हळदकुंकू घेऊन मडकी न्यायला आल्या. कालवलेला चुना आणि भिजवलेला गेरू बघून बनुबाईनं ओळखायचं ते ओळखलं.

"ह्ये काय गो तुळसा? तू रंगवणार?"

"मग कोण? दर साली मीच रंगवते की."

"दर सालचं येगळं. सवाष्णीचं काम हाय ते. आता तुजा हात चालंल काय? तूच सांग."

तुळसा काय सांगणार, कपाळ! हीच बनुबाई तेराव्याला तिच्या गळ्यात पडून रडली होती. बाई वाईट नव्हती. तिला रीत म्हणजे रीत, एवढंच ठाऊक. तुळसानं कुंचला साळूबाईपुढं सरकवला. आतडं तुटलं तिचं, पण सरकवला.

साळूबाईनं मडकं मांडीवर घेतलं, कुंचला टेकवला आणि हात गोल फिरवायला लागली. रेघ कुठं जाड, कुठं बारीक निघाली, अर्ध्यात खाली घसरली, टोकाला टोक काही मिळेना. ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा काढली. पुन्हा तेच. "कोंडाजीदादाच्या मडक्याचं पार वाटोळं केलं गो मी," म्हणत ती रडकुंडीला आली.

"तशी नाय येत ती," तुळसा म्हणाली. "हात थांबवायचा नि मडकं फिरवायचं. चाकावर."

"नि चाक कोण फिरवणार?" साळूबाईनं विचारलं.

बाईनं चाक फिरवायचं नसतं. कुंभाराचं चाक म्हणजे देव. तुळसा त्याच्याभोवती सारवायची, दुरून फूल वाहायची, पण हात कधी लावला नव्हता.

तुळसा उठली. तिनं मडकं चुंबळीसकट चाकावर मांडलं आणि पलीकडं जाऊन कोंडाजीच्या जागेवर बसली.

"अगो बाय! चाकाला हात लावतंस?" बनुबाई ओरडली.

"रंगाला लावायचा नाय म्हणालात, नाय लावला. आता ह्यालापन नाय म्हणत असाल, तर न्या मडकी कोरीच."

बनुबाईनं लडबडलेल्या मडक्याकडं बघितलं, साळूबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि पदर सावरला. "करा काय ते. मी काय बघितलं नाय," म्हणाली आणि पाठ फिरवून बसली.

तुळसानं तळवा टेकवून चाक ढकललं. दोन महिने थांबलेलं चाक जरा कुरकुरलं, मग फिरायला लागलं. "टेकव. हलू नको," तिनं साळूबाईला सांगितलं. पण कुंचल्याचं टोक तिला दिसेना. ते टेकलं होतं पलीकडच्या अंगाला, साळूबाईच्या बाजूला. इथं हाताला काम होतं, डोळ्यांना काहीच नव्हतं. डोळे आपसूक वर गेले. मडक्याच्या गळ्यावरून सरळ समोर साळूबाईचं तोंड होतं. खालचा ओठ दातांत धरलेला, कपाळाला घाम, एक बट गालावर आलेली. आपल्याकडं कुणी बघतंय, याचा तिला पत्ताच नव्हता.

तुळसाचा हात अडखळला. इथून दुसरं काही दिसतच नाही! चौतीस वर्षं तो माणूस इथं बसला होता. दर लग्नसराईला, दर मडक्याला. आपण खाली मान घालून गळ्याकडं बघत होतो, आणि तो इथून... 'बघतो की.' खरंच सांगत होता मेला! खरंच सांगत होता, आणि आपण तीस वर्षं राग धरला.

"हाललं काय गो? वर बघू?" साळूबाईनं विचारलं.

"नको. खालीच बघ," तुळसा कशीबशी म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

पाचही मडक्यांच्या रेघा जुळल्या. ठिपके साळूबाईनं जमले तसे दिले. बनुबाईनं वळून एक मडकं उचललं, गळ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "दादाचीच रेघ ही." जाताना तिनं तुळसाच्या पाठीवरून हात फिरवला. मडकी घेऊन दोघी उन्हातून वाटेला लागल्या.

तुळसा तिथंच बसून राहिली. चाकावर नुसती चुंबळ होती. तिनं चाक जरासं ढकललं आणि समोर बघितलं. समोर तिची जागा होती. बसून बसून सारवणात पडलेला खळगा, तेवढाच. चाक थांबलं, तरी ती तिकडंच बघत होती. एकदा जरी मान वर केली असती, तरी रेघ मोडली असती. मोडू द्यायला हवी होती एखादी.