जिन्यावरचा झगा

त्या घरात एक भांडण होतं, आणि ते घरातल्या लाकडी कपाटापेक्षाही जुनं होतं. नायिका गात गात जिना उतरते, तेव्हा तिच्या अंगातला घेरदार झगा कोणत्या रंगाचा? सासूबाई म्हणायच्या लाल. सासरे म्हणायचे हिरवा. सिनेमा रंगीत असता तर प्रश्नच नव्हता. हातच्या काकणाला आरसा कशाला? पण सिनेमा होता कृष्णधवल, झगा दिसायचा राखाडी, आणि तरीही दर रविवारी जेवणं उरकली की ही दोघं टीव्हीसमोर आपापल्या खुर्चीत बसून त्याच्या रंगावरून हमरीतुमरीवर यायची.

सिनेमाला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. घरात तो 'जिन्याचा सिनेमा'.

सासरे, म्हणजे आप्पा, बायकांचे कपडे शिवणारे शिंपी. हात थरथरायला लागल्यावर त्यांनी दुकान बंद केलं, पण नजर कात्रीचीच राहिली. "घेर बघ कसा पडतोय," ते म्हणायचे. "एवढं जड कापड. त्यात हिरवाच खुलतो. हे शिंप्याला विचारावं, मास्तरणीला नाही."

मास्तरणीने, म्हणजे सासूबाईंनी, जन्मभर शाळेत गाणं शिकवलेलं. त्यांचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचायचा. "अहो, ती त्याच्याशी भांडायला निघालीय. भांडायला निघालेली बाई हिरवा घालेल? डोळे आहेत की बटणं?" शेवटचं 'बटणं' त्या असं लांबवायच्या की त्यालाही चाल लागायची.

सून या घरात आली तेव्हा तिला वाटलं, दोघांचंही डोकं ठिकाणावर नाही. त्यातून ती होती रंगाच्या दुकानात. गिऱ्हाईक उशीच्या अभ्र्याचा तुकडा, नाहीतर फुटक्या बशीची कपची घेऊन यायचं, "भिंतीला अगदी हाच द्या" म्हणायचं, आणि ती थेंबाथेंबाने रंग मिसळून तो काढून द्यायची. साहजिकच पहिल्याच रविवारी न्यायनिवाडा तिच्याकडे आला.

"तू रंगातली. तूच सांग," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तो राखाडी आहे," सून भोळेपणाने म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने चहात मीठ घातलंय. त्यानंतर बराच काळ तिला कुणी काही विचारलं नाही, आणि तिलाही त्याचं फारसं दुःख नव्हतं. सिनेमा म्हणजे तिच्या लेखी हातातल्या मोबाईलवर, कंटाळवाणं तेवढं पुढे सरकवत बघायची गोष्ट. त्यात हा जुनापुराणा, पावसाच्या रेघा मारल्यासारखा. "चांगलं बोलत असतात, मध्येच गायला काय लागतात?" असं ती नवऱ्याला म्हणायची. तोही मान डोलवायचा. त्याचं बालपण त्या जिन्याखालीच गेलं होतं.

मग सासूबाई आजारी पडल्या, पाय सतत ठणकू लागले. रविवारी सिनेमा बघताना सून त्यांच्या पायांना तेल लावायला बसू लागली. हात तेलाचे, त्यामुळे मोबाईल धरायची सोय नाही. बसल्या जागी बघणार काय, तर समोर चाललेलं. नाइलाजाने बघता बघता तिने जिन्याचा सिनेमा पहिल्यांदा सलग पाहिला, आणि तिला नवल वाटलं ते असं, की पुढे सरकवावं असं त्यात फारसं काही नव्हतंच. आपण उगाच घाई करत होतो.

गाणं सुरू झालं की कॅमेरा हलायचा नाही. नायिका वरून खाली येईपर्यंत तो तिच्याकडे बघत राहायचा, घरातलं कुणी बघावं तसा. मधल्या एका पायरीवर तिचा पाय किंचित घसरायचा. ती कठडा पकडायची, सूर सोडायची नाही, उलट त्याच धक्क्यात पुढची ओळ घ्यायची. आजकाल ते कापून टाकलं असतं. तेव्हा कुणी कापलं नाही, म्हणून इतक्या वर्षांनीही ती बाई दर रविवारी घसरायची आणि दर रविवारी सावरायची. दिवसभर रंगांत बुडून आलेल्या सुनेच्या डोळ्यांना त्या काळ्यापांढऱ्यात गार वाटायला लागलं. रंग नव्हते, त्यामुळे नजर चेहऱ्यावरच राहायची.

"पण आई, बोलता बोलता गातात का हो?" तिने एकदा विचारलंच.

"बोलून भागतं तोवर माणसं बोलतात," सासूबाई म्हणाल्या. "भागेनासं झालं की गातात. आणि ज्यांना गाता येत नाही ते तुझ्या सासऱ्यासारखे भांडतात."

"मला ऐकू येतंय," आप्पा म्हणाले.

"ऐकू यावं म्हणूनच बोलले."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सासूबाई गेल्या.

रविवारची दुपार आली की घर मुकं व्हायला लागलं. आप्पा टीव्हीकडे फिरकेनात. विचारलं तर "हो", वाढलं तर "पुरे", एवढीच भाषा उरली. दिवसेंदिवस ते "पुरे" लवकर येऊ लागलं. त्यांच्या सदऱ्याचा गळा मानेभोवती सैल दिसायला लागला, आणि जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या त्या माणसाला ते कळत नव्हतं असं नाही. त्यांना त्याची पर्वा उरली नव्हती. सून घाबरली. एक माणूस गेलंच होतं, दुसरं खुर्चीत बसल्या बसल्या निघालं होतं.

नवराही आपल्या परीने खटपट करत होता. तो मनाने लोण्याहून मऊ, पण उत्साहाच्या भरात लोणी विस्तवाजवळ नेऊन ठेवणारा. एके दिवशी तो डीव्हीडीची एक चकती घेऊन आला. जिन्याचा सिनेमा कुणीतरी संगणकावर रंगवला होता.

"आप्पा, आज सोक्षमोक्ष," तो म्हणाला, आणि हाताला धरून त्यांना खुर्चीत आणून बसवलं.

सिनेमा सुरू झाला. सगळ्यांचे गाल एकाच डब्यातले, भिंत फिकट गुलाबी, नायकाचा कोट चॉकलेटी. असा रंगाचा डबा गिऱ्हाइकाने सुनेच्या तोंडावर परत आणून आपटला असता. मग जिना आला. नायिका वर उभी राहिली. झगा हिरवागार होता.

"जिंकलात, आप्पा," नवऱ्याने टाळी वाजवली.

"हो का," आप्पा म्हणाले. ते उठले, आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

नवरा रिमोट हातात धरून तसाच उभा राहिला. "माझं काय चुकलं?" त्याने बायकोला विचारलं. काही चुकलं नव्हतं, म्हणून तिला त्याची जास्तच कीव आली.

ती चहा घेऊन आत गेली. आप्पा पलंगावर बसले होते, आपल्याच बाजूला, दुसरी बाजू मोकळी ठेवून.

"आमची तेव्हा नुसती तोंडओळख होती," ते आपणहून म्हणाले. इतकं लांब वाक्य ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. "ओळखीतले चारपाच जण मिळून सिनेमाला गेलो होतो. सुटल्यावर बाहेर आलो तर ती म्हणाली, झगा काय सुंदर लाल होता. मी हो म्हटलं असतं तर विषय संपला असता. ती आपल्या वाटेने, मी माझ्या. म्हणून म्हटलं, हिरवा." त्यांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. "घराच्या कोपऱ्यापर्यंत भांडत आली माझ्याशी. मला काय ठाऊक कोणता होता ते. आणि आता हा म्हणतो जिंकलात. मला काय करायचाय गं हिरवा?"

चहावर साय धरली.

दोन दिवसांनी दुकानात एका गिऱ्हाइकाला दारासाठी गडद लाल हवा होता आणि खिडक्यांना बाटलीसारखा हिरवा. दोन्ही डबे तयार करून तिने झाकणं उघडी ठेवली, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, मोबाईलवर त्यांचा फोटो काढून तो कृष्णधवल केला. दोन्ही डबे सारखेच राखाडी. कोणता कुठला हे काढणारीलाच सांगता येईना. ती हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राखाडीत दोघांनाही जागा होती. रंग आला आणि त्याने सासूबाईंना उठवून बाहेर काढलं.

रविवारी तिने ती चकती कपाटाच्या वर, हात पोचणार नाही अशी टाकली आणि नवऱ्याला बजावलं, "आज तोंडातून शब्द काढायचा नाही." बेत साधा होता. आप्पांना भांडायला कुणीतरी हवं होतं, तर आपण लालच्या बाजूने उभं राहायचं. दुकानातून येताजाता तिने सासूबाईंची वाक्यं पाठ केली होती, बटणांसकट.

तिने जुना सिनेमा लावला. सुरुवातीचं संगीत ऐकून आप्पांचं दार किलकिलं झालं. थोड्या वेळाने ते येऊन खुर्चीच्या कडेवर बसले, उठून जायची तयारी ठेवून. सासूबाईंच्या खुर्चीत ती बसली नाही. शेजारी स्टूल ओढून घेतलं. दोघंही बघत राहिली. जिना आला. नायिका राखाडी झगा सावरत वर उभी राहिली. सुनेने घसा खाकरला.

"लाल आहे," आप्पा म्हणाले.

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. पाठ केलेलं सगळं तिच्या तोंडात तसंच राहिलं. आप्पांची नजर पडद्यावर होती. दारातून नवरा काहीतरी बोलणार, तेवढ्यात तिने त्याला डोळ्यांनी दटावलं. हो म्हणावं असं तिला फार वाटलं. पण हो म्हटलं की विषय संपतो, हे या घरात तिला नुकतंच कळलं होतं.

"काहीतरीच काय, आप्पा," ती म्हणाली. "चांगला हिरवा आहे. घेर बघा ना कसा पडतोय. एवढ्या जड कापडात हिरवाच खुलतो."

आप्पांनी सावकाश मान वळवली. ते खुर्चीत मागे सरकले, नीट टेकून बसले.

"अगं, ती त्याच्याशी भांडायला निघालीय," ते म्हणाले. "भांडायला निघालेली बाई हिरवा घालेल? डोळे आहेत की बटणं?"

आवाज त्यांचाच होता, पण 'बटणं' लांबवलेलं होतं, चाल लावून. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत. सुनेनेही आपले पुसले नाहीत.

"माझे रंगाच्या दुकानातले डोळे आहेत," ती कशीबशी म्हणाली.

"ते दुकानात ठेवून येत जा. घे मागे. परत बघू."

तिने रिमोट उचलला. पायरीवर घसरलेली नायिका सावरली, उलट्या पावलांनी जिना चढून वर गेली, आणि पुन्हा खाली यायला निघाली.