खंडेनवमीची सुट्टी

"नारळ आत नाही फोडायचा," आमचे मालक मनोहरराव म्हणाले. "पाणी उडेल. बाहेरच उरका."

देवराव नारळ हातात धरून तसाच उभा राहिला. आमच्या छापखान्यात खंडेनवमीला नारळ फोडायचा मान शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या सगळ्यात जुन्या कंपोझिटरचा, म्हणजे देवरावचा. पण मालकांनी यंदा पूजा मांडली होती ती नव्या काचेच्या खोलीसमोर. आत मुंबईहून आलेलं, अक्षरं जुळवणारं कॉम्प्युटरचं मशीन. चपला काढल्याशिवाय प्रवेश नाही, आणि आम्हांला तर चपला काढूनही नाही! दाराखालून गार हवा येत होती आणि आतून घूं घूं असा बारीक आवाज. ऑक्टोबरच्या उकाड्यातही ती हवा पायांना लागून मला बरं वाटेना.

"मालक, आपल्या खिळ्यांच्या पेट्या?" देवरावने विचारलं.

"त्यांचीही पूजा करा की! आणि घाबरू नका रे, कोणाच्या पोटावर पाय येणार नाही."

एवढं बोलून त्यांनी प्रत्येकाच्या हातावर पेढ्यांचा अख्खा पुडा ठेवला. दरवर्षी एकेका पेढ्यावर भागवणारा माणूस! 

आम्ही पेट्यांना हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. पूजलेलं अवजार 'बसतं'; दसऱ्याला पूजा उतरवून ते 'उठवेपर्यंत' हात लावायचा नाही, ही आमची रीत. म्हणून दसऱ्याला आमचा पेपर निघतच नसे.

सायकलवरून शहराबाहेर वाडीला घरी परतताना मी म्हटलं, "गड्या, मले काही खरं दिसून नाही राहिलं."

"तू बी ना गा!" देवराव हसला. "अवजार बसलं तं पेपर बसला. आपल्याबिगर कोन काढते? खाय पेढा."

तिथल्या गोदामांच्या मागे आमच्या खोल्या शेजारी-शेजारी. दसऱ्याच्या सकाळी मी ओट्यावर दात घासत होतो, तर पेपरवाला देवरावच्या दारात आमचाच पेपर टाकून गेला.

त्याच्या बायकोने, इंदूबाईने, तो उचलला. "अव माय! आज पेपर कसा?"

"कालचा असन," देवराव आतून म्हणाला.

कालचा नव्हता. पहिल्याच पानावर दसऱ्यासाठी कालपासूनच दीक्षाभूमीवर जमलेल्या गर्दीचा फोटो होता. अक्षरं लख्ख, ओळी सरळ. मी चूक शोधायला पानभर डोळे फिरवले. मेली एक सापडेल तर शपथ!

"तुमी तं घरीच होते," इंदूबाई नवऱ्याला म्हणाली. "मंग हा काढला कोनं?"

देवरावने पेपर घडी करून खाली ठेवला आणि सदरा चढवला. मीही निघालो.

छापखान्यात पेट्यांवरची फुलं सुकली होती. काचेच्या खोलीत दिवे चालू होते. मनोहरराव हसत बाहेर आले.

"अरे, सणाच्या दिवशी कशाला आलात?"

"पूजा उतरवाले आलो, मालक."

"राहू द्या तशीच. घाई काय आहे?"

देवरावचा हात फुलांपाशी थांबला. "बसवलेलं अवजार उठवा लागते, मालक," तो हळूच म्हणाला.

मालक काचेच्या खोलीत गेले. आतून दार लावून घेतलं.

देवरावने फुलं उतरवली. दसऱ्याची पहिली ओळ जुन्या माणसाने जुळवायची असते. त्याने उद्याची तारीख जुळवली, दोऱ्याने बांधली आणि छपाईच्या मशीनवर नेऊन ठेवली. मला तर रडूच आलं. मग हात धुऊन आम्ही दोघं बाकावर बसलो. संध्याकाळ झाली, तरी ती ओळ छापायला कोणी आलं नाही.