रिकामी डबी

डॉक्टर सगीराच्या संशोधनात चुलीच्या धुरानं खोकणाऱ्या सत्तेचाळीस बायका होत्या आणि एक शेंगदाण्याची चटणी.

चटणी चितेगावच्या वच्छलाबाईंची. कारखान्यातल्या कामगारांसाठी तीस वर्षं त्या चुलीवर रोज ऐंशी भाकरी थापत होत्या. श्वासाचा जोर मोजायच्या नळीत त्यांनी जीव काढून फुंकलं, तरी काटा जागचा हलला नाही, लाजला असावा. एक्स-रेत डाग होता. धुराचा आजार की टीबी, हे थुंकी तपासल्यावरच ठरणार होतं. तोवर वच्छलाबाईंनी आपला निकाल लावून टाकला होता: ताट वेगळं, गोधडी वेगळी, आणि नव्या नातीला उंबऱ्याबाहेरूनच बघायचं. रविवारी तिचं बारसं होतं.

सगीरानं डबी दिली. "सकाळी उठल्याबरोबर खोल खोकायचं आणि यात थुंकायचं, मावशी."

"व्हय," मावशी म्हणाल्या.

डबी आली ती चटणी घेऊन. दुसरी दिली, ती लिंबाचं लोणचं घेऊन आली. प्रयोगशाळेतला कय्युम नियमाचा पक्का. त्यानं दोन्ही तपासून रिपोर्ट लिहिला: 'टीबीचे जंतू आढळले नाहीत. लोणच्यात मीठ कमी.'

मिठाचं कसं कळलं, हे सगीरानं विचारलं नाही. काही प्रश्न संशोधनाच्या बाहेरचे असतात. ती थेट चितेगावला गेली.

"मावशी, थुंकी का नाय दिली?"

"अगं बाई, तू माझ्या दारात खाली बसून च्या पिलीस. तुझी डबी रिकामी कशी धाडू? आन थुंकून धाडू? माणूस हाय का कोण मी!"

सगीराला घर आठवलं. उस्मानपुऱ्यात तिची अम्मीसुद्धा शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करत नसे. एकदा घरात काहीच नव्हतं, तर तिनं वाटीत चार लवंगा टाकून दिल्या होत्या.

"रिकामी नकोच," सगीरा म्हणाली. "पण ज्याला जे लागतं ते द्यावं ना? मला चटणी नको."

"आवडली न्हाय?"

"लई आवडली. कय्युमभाईंना तर जास्तच. पण आत पाळण्यात जी हाय, तिला आज्जी पायजे. आणि तुमच्या थुंकीशिवाय मला आज्जी तिच्या हवाली करता येत नाय."

वच्छलाबाईंनी उंबऱ्याबाहेरूनच पाळण्याकडं बघितलं. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, "दोन डब्या दे."

दोन सकाळच्या दोन डब्या आल्या, अगदी नियमात. दोन्हींत जंतू नव्हते. एक्स-रेतला डाग जुनाच निघाला. फुप्फुसं धुरानं आखडली होती. चूल बंद झाली, गॅस आला, तोंडात ओढायचा पंप आला.

रविवारी सगीरा बारशाला पोचली तेव्हा नात आजीच्या मांडीवर होती आणि आजी तिला कुणाच्याही, खुद्द तिच्या आईच्याही, हातात द्यायला तयार नव्हती. निघताना सगीराच्या हातात एक डबी आली. नवीकोरी, बारशाच्या घुगऱ्यांनी गच्च.

सोमवारी ती टेबलावर दिसताच कय्युमनं रजिस्टर उघडलं.

"मॅडम, नमुना नंबर?"

"आधी चमचे आणा, कय्युमभाई. दोन."