सात झाकणे

त्याने चिमट्याने प्लास्टिकची पट्टी उचलली, दोन्ही टोके बोटांत धरली आणि हलकेच वाकवली. अर्ध्यावरही न येता ती कट्‌कन मोडली. आवाज एवढासा, वाळलेली शेंग फुटावी तसा.

"झाली बाणेदार!" शेजारच्या टेबलावरून मामा म्हणाले. प्रयोगशाळेत ते सर्वांचेच मामा होते. "मोडेन पण वाकणार नाही."

तो ओठांतल्या ओठांत हसला आणि वहीत लिहिले: दहावा महिना, पहिल्याच वाकवण्यात भंग.

कारखान्यात सिरिंजा, नळ्या, हातमोजे पेट्यांतून येत आणि जाड भिंतींच्या कक्षातून, किरणांच्या माऱ्याखालून, निर्जंतुक होऊन बाहेर पडत. त्याचे काम त्यानंतरचे. त्या त्या प्लास्टिकच्या पट्ट्या तारीख घालून खणात ठेवायच्या आणि दर महिन्याला एकेक वाकवून पाहायची. किरणांचा संबंध काही तासांत संपतो. पण काही जातींच्या प्लास्टिकमध्ये आतले लांबलचक धागे त्यानंतरही तुटत राहतात, महिनोन्‌महिने, कुणाच्या नकळत. वरून दिसतो तो फार तर किंचित पिवळेपणा. पहिल्या दिवशी याच पट्टीची जोडीदार त्याने शंभरदा वाकवली होती आणि समोर ‘ठीक’ असे लिहिले होते.

"कुठली जात ही?" मामांनी विचारले.

"साधीच. डबीला झाकण जोडूनच येतं ना, बिजागरीशिवाय, ते…"

तो बोलता बोलता थांबला. मोडलेला तुकडा बोटांतच राहिला.

दहा महिन्यांपूर्वी आई हृदयाच्या शस्त्रक्रियेतून उठली, तेव्हा त्याने तिच्यासाठी गोळ्यांची डबी आणली होती. सात कप्पे, सात झाकणे, एकेका वाराचे. एक दिवसही चुकवायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. आईची जखम ओली होती, आणि त्याला मायेची दुसरी कोणती रीत ठाऊक नव्हती. घरची वस्तू आत सोडायची नाही हा नियम मोडून त्याने ती डबी हातमोज्यांच्या पेटीत सरकवली. आईच्या हाती दिली तेव्हा डबीवर एकही जंतू नव्हता. त्या सुखात तो आपलेच शास्त्र विसरला होता.

"मामा, मी अर्धी रजा टाकतो."

"तू? रजा?" मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "पोरगी बघायला चाललास की काय?"

आईच्या गावाला बसने दोन तास लागत. वाटेत त्याने सात कप्प्यांची स्टीलची डबी घेतली आणि मांडीवर धरून बसला. झाकणे कधीच मोडली असतील. गोळ्या एकमेकींत मिसळत असतील. आईला कमी दिसते. दर रविवारी तो फोन करी. "गोळी घेतलीस का?" "घेतली रे बाबा." "संपत आल्या असतील ना?" "आहेत अजून भरपूर." मग दोघेही फोन ठेवत. त्या ‘भरपूर’वर तो आठवडा काढी.

आईने दार उघडले आणि त्याच्याकडे पाहतच राहिली.

"तू? बरं आहे ना सगळं?"

"हो. सहज आलो."

"सहज येणाऱ्यातला नाहीस तू. बस, चहा टाकते."

डबी फोनशेजारीच होती. जुन्या दातासारखी पिवळसर झालेली. रविवारचे झाकण तुटले होते आणि चिकटपट्टीने पुन्हा जागेवर बसवले होते. पट्टीवर पट्टी, कितीतरी थर. बाकीची सहा शाबूत होती.

त्याला हायसे वाटले. ते जेमतेम क्षणभर टिकले. दर आठवड्याला उघडले जाणारे या जातीचे झाकण दहा महिने तगत नाही, हे त्याच्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार होते?

त्याने सोमवारच्या झाकणाखाली नख घातले आणि उचलले. कट्‌. सकाळचाच आवाज. आत एक पांढरी गोळी होती आणि अर्धी पिवळी. ती त्यानेच, डबी पहिल्यांदा भरताना, ब्लेडने कापली होती, तिरकी. तो तिरकेपणा त्याने ओळखला.

आई कप घेऊन दारात उभी होती.

"मोडलं? रविवारचंही असंच मोडलं बघ. मला वाटलं, म्हातारीच्या हाताला जोर आला."

"आई, आज गोळी घेतलीस?"

तिने कप खाली ठेवले. कोरडीच बशी पदराने पुसली.

"आज बुधवार ना," ती म्हणाली. मग बशीकडेच बघत, "रविवारी तू विचारतोस. तुझ्याशी खोटं बोलवत नाही."

चहावर साय धरली. दोघांपैकी कुणीही ती काढली नाही.

दुसऱ्या दिवशी तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. जे ऐकायचे ते दोघांनी शेजारी बसून, खाली मान घालून ऐकले. नव्या गोळ्या आणल्या. त्याने स्टीलची डबी भरली आणि शेवटच्या बसने परतला.

शुक्रवारी सकाळी त्याने पुढची पट्टी चिमट्याने उचलली, आणि न वाकवताच खाली ठेवून फोन घेतला.

"हॅलो? काय झालं?" आईचा आवाज घाबरा होता. "आज तर शुक्रवार आहे."

"काही नाही झालं. गोळी घेतलीस का?"

मामांनी हात लांब करून आपले घरघरणारे यंत्र बंद केले.

"थांब," आई म्हणाली. "ठेवू नकोस हं."

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. तिची पावले दूर गेली, माठावरचे झाकण वाजले, पावले परत आली. तो कानाला फोन लावून उभा होता. मग अगदी जवळून, स्टीलचा लहानसा खणखणीत आवाज आला.