तेराव्या जोडीतला हरवलेला पट्टा

मित्रांनो, आता खणात पडून असलेली मी एक जुनी कात्री. पण भरात होते तेव्हा मी गुणसूत्रं कापायची. घाबरू नका, त्यांचे फोटो!

रक्ताच्या एका पेशीत शेहेचाळीस गुणसूत्रं. फोटोत ती पट्टेरी अळ्यांसारखी विखुरलेली दिसत. प्रयोगशाळेतल्या ताई एकेक अळी माझ्याकडून कापून घ्यायच्या आणि जोड्या लावून पुठ्ठ्यावर चिकटवायच्या. दुपारचं ऊन, डिंकाचा वास, ताईंचं गुणगुणणं. मी अर्ध्या झोपेतच चालायची.

एकदा दोन वर्षांच्या मुलीचं रक्त आलं. कर्करोगामुळे तिचा एक डोळा काढला होता. दुसऱ्यालाही धोका आहे का, ते रक्तावरून कळणार होतं. बाहेर बाकावर तिचे बाबा तिला मांडीवर घेऊन बसले होते.

तेराव्या जोडीपाशी ताई थबकल्या. एक गुणसूत्र आखूड होतं.

डॉक्टर डोकावले. "काय हो ताई, कात्रीनं शेपूट खाल्लं वाटतं? बदला आता ती."

"माझ्या कात्रीला नावं ठेवायची नाहीत," ताई म्हणाल्या. पण माझी पाती त्यांनी उजेडात धरून तपासली. आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, चूक माझीच निघू दे!

ताईंनी दुसऱ्या पेशीचा फोटो घेतला. मग तिसरीचा, दहावीचा. सगळीकडे तेच. शेपूट जागेवर, मधला एक पट्टा मात्र नाही. मधलं मी कशी कापणार?

बाबांना आत बोलावलं. "म्हणजे हाही डोळा जाणार?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही हो, दादा," ताई म्हणाल्या. "त्या पट्ट्यात डोळ्याचा राखणदार असतो, गाठ होऊ न देणारा. जोडीतला एक कमी आहे, म्हणून राखण आपण करायची. दर महिन्याला डोळा दाखवायचा. एकही खेप चुकवायची नाही."

त्यांनी एकही चुकवली नाही. चौथ्या खेपेला टाचणीच्या टोकाएवढा ठिपका सापडला. डॉक्टरांनी तो लेझरनं जाळला. डोळा वाचला.

मित्रांनो, कापणं सोपं असतं, बघत राहणं अवघड. घरातल्या तान्ह्याच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक, म्हणजे या रोगाची पहिली खूण, दिसली, तर खेळ टाका आणि मोठ्यांना सांगा. ते "काही नाही रे" म्हणाले, तर पुन्हा सांगा.

पुढे मोठी झाल्यावर ती मुलगी एकदा ताईंना भेटायला आली. सूक्ष्मदर्शकावर एकच डोळा टेकवून कितीतरी वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "ताई, जरा सरका ना, उजेड अडतोय."