आठ खुर्च्या, एक व्हायोला

संगीतकार गास्तोनने पाठवलेला वाद्यवृंद निबियाच्या मागच्या खोलीत येऊन पोचला तेव्हा त्यात साठएक वाद्यं होती आणि माणूस एकही नव्हता. परदेशातल्या कुठल्याशा सभागृहात कुणीतरी खऱ्या वादकांकडून एकेक सूर वाजवून घेतला होता आणि यंत्रात भरून ठेवला होता. आता गास्तोनने माद्रिदमधल्या आपल्या घरी पट्टी दाबली की तो सूर हजर. कधी थकत नाही, खोकत नाही, चहाची सुट्टी मागत नाही. ही सगळी वाद्यं एकमेकांशेजारी नीट बसवायची, कुणाला पुढे, कुणाला मागे, आणि ती एकाच छताखाली वाजताहेत असं ऐकणाऱ्याला वाटायला लावायचं, हे निबिया एचेगोयेनचं काम. उरुग्वेतल्या मोन्तेविदेओत चित्रपट थोडे निघत, पण निघाले की त्यांचं संगीत बहुधा तिच्याच खोलीतून जाई.

चित्रपट होता धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या एका गावाचा. शेवटी माणसं गाड्यांवर सामान लादून निघतात, कुणी काही बोलत नाही, आणि चार मिनिटं नुसतं संगीत. ते संगीत निबियाने तीनदा ऐकलं. सुरेख होतं. पण लग्नाच्या हॉलमधल्या कागदी फुलांसारखं सुरेख.

"जीव नाही त्यात," गास्तोन फोनवर स्वतःच म्हणाला. "कुणीतरी खरा वादक घाल ना वरून. पण एकच हं, निर्माता एकाच्या वर तयार होणार नाही."

"एकाने काय होणार?"

"तू कर काहीतरी. करतेस तू."

असं म्हटलं की निबियाला नाही म्हणता येत नसे. गेली सहा वर्षं ती त्या घरात एकटीच होती. बरोबर राहणारा माणूस मेक्सिकोला काम मिळालं म्हणून गेला, आधी रोज फोन, मग सणासुदीला, मग तेही नाही. भांडण असं झालंच नाही. दिवसभर कानात संगीत असे, आणि संध्याकाळी ते बंद केलं की घर एकदम मोठं होई.

शेवटची ती धून व्हायोलांची होती, व्हायोलिनपेक्षा जरा मोठ्या, जाड आवाजाच्या. व्हायोला म्हणताच तिला लीबेर आर्राम्बिदे आठवले, ज्यांना सगळे 'दोन लीबेर' म्हणत; हा 'दोन' म्हणजे स्पॅनिशमधला आदराचा 'श्रीयुत'.

विशीत ती एका स्टुडिओत मायक्रोफोनच्या तारा ओढायचं काम करायची. त्या स्टुडिओचा स्वतःचा वाद्यवृंद होता, जाहिरातींपासून चित्रपटांपर्यंत सगळं वाजवणारा. त्यात आठ व्हायोला. दोन लीबेर आर्राम्बिदे दुसऱ्या जोडीत आतल्या खुर्चीवर बसायचे. दोघांत एकच स्वरलिपी असते. बाहेरचा वाजवत राहतो, आतला पान उलटतो. स्टुडिओ बंद पडून किती वर्षं झाली होती. म्हातारा आहे की नाही, इथपासून शंका. तिने जुना नंबर फिरवला.

"कोण? तारा ओढणारी निबिया? अगं, तू माझ्या पायात तार अडकवून मला पाडलं होतंस!"

"ते तुम्ही नव्हता, ते चेलोवाले होते."

"मग मला उगाच दुखलं का?" आणि म्हातारा खदाखदा हसला.

निबियाच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून तिने वस्तीतल्या बास्केटबॉल क्लबचा हॉल मागून घेतला. दुपारी तो रिकामाच असे. लाकडी जमीन, उंच छत, भिंतीवर जुन्या विजयांच्या पाट्या. तिने अर्धवर्तुळात आठ खुर्च्या मांडल्या आणि समोर उंचावर मायक्रोफोन टांगले.

दोन लीबेर आले ते काखेत थर्मास, हातात माते, म्हणजे तिकडचा कडवट पाल्याचा चहा, प्यायचा तुंबा आणि पाठीला व्हायोला घेऊन. वय अठ्ठ्याहत्तर. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. खुर्च्यांकडे पाहून ते दारातच थबकले.

"बाकीचे कधी येणार?"

"बाकीचे नाहीत, दोन लीबेर. तुम्हीच आठ वेळा वाजवायचं. दर वेळी वेगळ्या खुर्चीवर बसून. मी ते एकावर एक ठेवते. खुर्ची बदलली की माइकपासूनचं अंतर बदलतं, मग आठ माणसं वाटतात."

"आठ माणसं." त्यांनी तुंब्यात पाणी ओतलं, एक घोट घेतला, तिच्यापुढे धरला. "आणि ती आठ माणसं एकसारखी वाजवतात होय? मग तुझं यंत्र काय वाईट?"

"जमेल तसं थोडं वेगळं वाजवा."

"जमेल तसं नाही. नीटच करू." ते जाऊन पहिल्या खुर्चीवर बसले. ताठ, हनुवटी वर. "ही ओल्गा. ओल्गाला नेहमी बस चुकायची भीती. दर सूर केसभर आधी."

आणि खरोखरच ते केसभर आधी वाजवू लागले. कानाला लावलेल्या यंत्रातल्या वाद्यवृंदाच्या पुढे पुढे, घाईत, आणि तरी चुकत नव्हतं. निबियाने मान खाली घातली. तिला ओल्गाची लाल पर्स आठवली.

तिसऱ्या जोडीत एरेरा. "हा पगार झाला की दाबून वाजवायचा, महिनाअखेरीला गज उचलायचा नाही. कुठली तारीख धरू?"

"पंधरा धरा."

"म्हणजे बरा असतो."

मग एक असा, जो तारेवर हात सरकवताना नाकाने आवाज करी. दोन लीबेरनी तोही केला, आणि निबियाने तो पुसून टाकायचा नाही असं तेव्हाच ठरवलं. एक बाई अशी, जी वाजवताना डोळे मिटून घेई आणि हमखास मागे पडे. मध्येच क्लबचा कँटीनवाला दारात येऊन उभा राहिला. "आजोबा, एका खुर्चीवर टोचतंय का काही?" त्याने विचारलं. दोन लीबेर म्हणाले, "सगळ्यांवर टोचतंय बाबा." तो हसत गेला.

दोन दुपारी अशा गेल्या. हेडफोनमध्ये एकेक माणूस वाढत होता. निबिया किती महिन्यांत इतकं हसली नव्हती.

सातवी खुर्ची त्यांनी राखून ठेवली होती, दुसऱ्या जोडीतली बाहेरची. तिच्यावर बसायच्या आधी त्यांनी रुमालाने व्हायोला पुसली.

"ही नोएमी," एवढंच म्हणाले. चेष्टा केली नाही.

मग जे वाजलं ते निबियाने कित्येक वर्षांत कुणाकडून ऐकलं नव्हतं. गज जणू तारेवर ठेवलेलाच नव्हता, आधीपासून तिथे होता. सूर मोठा नव्हता, पण शेवटपर्यंत भरलेला. वाजवून झाल्यावर हॉलमध्ये त्याचा घुमारा विरेपर्यंत दोघंही हलली नाहीत.

"कुठे असतात आता नोएमी?"

"पायसान्दूला, लेकीकडे. कुणाला ओळखत नाही आता." त्यांनी गज सैल केला, पुन्हा घट्ट केला. "सव्वीस वर्षं शेजारी बसलो. पान मी उलटायचो. तिला मान हलवायला लागू द्यायचो नाही, आधीच उलटायचो."

आठवी खुर्ची त्यांची स्वतःची. ते बसले. संगीत सुरू झालं. त्यांनी गज उचलला, चार सूर वाजवले आणि थांबले.

"पुन्हा लाव."

पुन्हा लावलं. या वेळी थोडं पुढे गेले. मग मान हलवली. "हे नोएमीचंच झालं. पुन्हा."

तिसऱ्यांदा ओल्गासारखं झालं, चौथ्यांदा कुणासारखंच नाही. निबिया म्हणाली, "छान आहे हे, दोन लीबेर. चालेल." त्यांनी ऐकलं नाही. कपाळावर घाम आला होता. शेवटी व्हायोला मांडीवर आडवी ठेवून ते समोरच्या पाट्यांकडे बघत बसले.

"मी कसा वाजवायचो ते तुला आठवतं का ग?"

निबियाने आठवून पाहिलं. तिला त्यांचे बूट आठवले, पान उलटतानाचा हात आठवला, वाजवणं नाही. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं, पण म्हातारा सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता.

"नाही."

"मलाही नाही. मी तिचं ऐकत वाजवायचो." ते हळूच उठले. "राहू दे. सातांवर भागव."

त्यांनी व्हायोला पेटीत ठेवली. निबिया तारा गुंडाळत राहिली. दोघांनी मिळून खुर्च्या भिंतीला लावल्या आणि त्या दिवशी माते प्यायचं राहूनच गेलं.

पुढचे दोन आठवडे निबिया खोलीत होती. यंत्रातली वाद्यं मोठ्या सभागृहातली, तिच्या व्हायोला लाकडी जमिनीच्या क्लबातल्या. त्यांना एका छताखाली आणता आणता तिचा जीव मेटाकुटीला आला. यंत्राचा सूर दगडासारखा पक्का, म्हाताऱ्याचा सूर उन्हाने तार ढिली झाली की किंचित उतरायचा. तिने यंत्राच्या व्हायोला खाली ओढून नुसत्या भरावाला ठेवल्या आणि सात जणांना वर आणलं. आठव्या जागी यंत्रातली एखादी बसवून बघितली. कुणाच्या लक्षात आलं नसतं. तरी तिने ती काढली. व्हायोलाचा आवाज माणसाच्या बोलण्याच्याच उंचीला असतो, त्यामुळे पडद्यावर कुणी तोंड उघडलं की सातांना मागे सारावं लागे. बोलणं संपलं की पुन्हा पुढे. दिवसभर तिचं हेच चाले, सात माणसांना गप्प करायचं आणि पुन्हा बोलतं करायचं. जेवताना ती स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच खाई.

गास्तोनने ऐकलं आणि लगेच फोन केला. "झकास ग, झकास! पण व्हायोला मागेपुढे होताहेत. सरळ कर ना जरा. एक तर बाई सारखी आधीच घुसतेय."

"बाई?"

"म्हणजे तो जो कोण असेल तो."

निबियाने ओल्गाचा एकेक सूर ओढून रेषेवर आणला. मग एरेराचा. मग डोळे मिटून मागे पडणारीचा. सगळे रेषेवर आले, आणि ऐकलं तर पुन्हा कागदी फुलं. शेवटी जिथे माणसं बोलत होती तिथे तिने सरळ केलेलं ठेवलं, आणि गाव सुटतं ती चार मिनिटं होती तशी परत आणली. गास्तोनला तिने काही सांगितलं नाही.

"बघ," तो म्हणाला, "सरळ केल्यावर शेवट कसा उचलला गेला!"

"हो ना," निबिया म्हणाली.

चित्रपटाच्या पहिल्या खेळाला तिने दोन लीबेरना बोलावलं. ते टाय लावून आले. थिएटर अर्धं भरलं होतं. गाव सुटायला लागलं तेव्हा निबियाने पडद्याकडे पाहिलंच नाही, शेजारी पाहिलं. म्हातारा मान थोडी डावीकडे कलवून बसला होता, आणि उजवा हात मांडीवरून किंचित उचलला गेला, पान उलटावं तसा, आणि परत खाली आला. त्याचं त्यांना भान नव्हतं. नावं सरकली, त्यांत त्यांचं एकट्याचं नाव आलं तेव्हा ते नाराज झाले.

"बाकीच्यांचं घालायला हवं होतं."

"कसं घालणार, दोन लीबेर?"

"ते खरं." बाहेर बसथांब्यावर वारा सुटला होता. त्यांनी कॉलर वर केली. "नोएमी ऐकू आली. थोडीशी. कुणी बोलत नव्हतं तेव्हा." मग थोडं थांबून म्हणाले, "रविवारी ये की जेवायला. मी एकटाच असतो. सॉस मी स्वतः करतो, फार वाईट नसतो."

"रविवारी काम आहे हो," निबिया म्हणाली. तोंडातून आधी शब्द गेले, विचार मागून आला. काम नव्हतं. पुढचा चित्रपट थंडी पडल्यावर.

"मग राहू दे. काम महत्त्वाचं." बस आली, ते चढले, आणि आतून त्यांनी हात केला.

रविवारी सकाळी पास्त्याच्या दुकानासमोर नेहमीसारखी रांग होती. माणसं भांडी घेऊन, पोरं खांद्यावर घेऊन उभी. निबियाचा नंबर आला.

"कितीजणांना?" काउंटरवरच्या बाईने विचारलं.

"दोघांना."

बाईने रॅव्हिओलीचा खोका दोरीने बांधून दिला. निबियाने तो घरी आणून टेबलावर ठेवला, फोन घेतला, नंबर लावला. लाइन बिझी. ती टेबलाशी बसून राहिली. कुणाशी बोलत असतील? पायसान्दूला, नोएमीच्या लेकीशी? थोड्या वेळाने पुन्हा लावला. या वेळी लागला, आणि त्यांच्या आवाजात आत्ताच कुणाशी तरी हसल्याची ऊब होती.

"बोल पोरी! काम झालं का?"

आता नुसतं "झालं" म्हणायचं होतं. दोरी बांधलेला खोका समोर होता, बस पाच मिनिटांवर होती.

"नाही," ती म्हणाली. "चालूच आहे अजून. सहज केला फोन."

"बरं केलंस. फार दमू नकोस. पुन्हा कधीतरी ये."

"येईन."

फोन ठेवून तिने गॅसवर पाणी चढवलं. खोका उघडून अर्धी रॅव्हिओली काढली, मग विचार बदलला आणि सगळीच पाण्यात सोडली. उरलेली संध्याकाळी ताटलीतून थंडच खाल्ली.