पातळ गोंद

कुणाच्या विमानाचा पंख निखळला किंवा जहाजाची डोलकाठी मोडली, की फोन यायचा तो गोंदमास्तरांना. पोटापाण्यासाठी ते लिफ्ट दुरुस्त करत. पण प्लास्टिकची छोटी मॉडेलं जोडणाऱ्या मंडळींनी त्यांना हे नाव दिलं होतं, आणि वरवर कितीही नाक मुरडलं तरी ते त्यांना मनातून आवडत असे.

"विमानाच्या काचेला सुपरग्लू?" ते फोनवर सांगत. "अहो, धुरकट होईल ती! काचेला पांढरा गोंद लावा, वाळला की दिसतसुद्धा नाही. पंखाला मात्र पातळ गोंदच. दोन्ही भाग नुसते टेकवून धरा आणि फटीला कुंचला लावा. गोंद आपला आपण आत धावतो. प्लास्टिक वितळून एक होतं, मग हत्तीने ओढलं तरी सुटायचं नाही."

त्या पातळ गोंदाचा वास मात्र डोक्यात जाणारा. रोज संध्याकाळी सहा ते आठ मास्तर मधल्या खोलीत बसत. धूळ चिकटू नये म्हणून खिडकी बंद. ही वेळ त्यांनी उगाच निवडली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी रोज सहा वाजले की ते दारूच्या दुकानात असत. दारू सुटली ती कुणाच्या उपदेशाने नव्हे, हातांना काम मिळालं म्हणून, अशी त्यांची पक्की समजूत होती. हे काम थांबलं तर, असा नुसता विचार आला तरी त्यांची पाचावर धारण बसायची.

बायको वर्षभर खोकत होती. हल्ली जिना चढताना तिला धाप लागायची आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. शेवटी मास्तरच तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी छाती तपासली आणि विचारलं, "घरात रंगकाम, रसायनं, कसल्या वाफा?"

"छे छे," मास्तर चटकन म्हणाले. "तसलं काही नाही."

बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पर्सची चेन लावत बसली. डॉक्टरांनी फवाऱ्याचं औषध लिहून दिलं.  मास्तरांना स्वतःची एवढी लाज वाटत होती, की घरी येईपर्यंत ते तिच्या दोन पावलं पुढेच चालत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॉडेलांच्या दुकानातून संत्र्याच्या वासाचा सौम्य गोंद आणला. दुकानदार हसून म्हणाला, "तुम्ही आणि हा? याला तर तुम्ही येता-जाता शिव्या घालता!"

शिव्या उगाच नव्हत्या. पातळ गोंद मिनिटभरात धरायचा. हा वाळता वाळत नव्हता. पहिल्या दिवशी पंख खाली कलला. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खिडकी उघडली, पंख अर्धा तास हातात धरून बसले, आणि सोडला तसा तो पुन्हा कलला. तिसऱ्या दिवशी तो तुटून जमिनीवर पडला.

"हा गोंद आहे की सरबत?" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की बायको धावत आली.

"काय झालं हो?"

"काही नाही! तू जा इथून, दार लाव!"

ती खोकत परत गेली.  समोरच्या फळीवर पातळ गोंदाची बाटली होती. ती उघडावी तर बायकोच्या छातीचं वाटोळं, आणि न उघडावी तर या रिकाम्या हातांचं करायचं काय? त्यांनी दिवा बंद केला आणि बाहेर येऊन बूट चढवले.

"जरा पाय मोकळे करून येतो."

साडेसहा वाजले होते. बायकोने घड्याळाकडे पाहिलं, मधल्या खोलीत गेली आणि फळीवरची बाटली घेऊन दारात येऊन उभी राहिली.

"बूट काढा. हा घ्या तुमचा गोंद. मी शेजाऱ्यांकडे जाऊन बसते."

"वेडी आहेस का? त्याने तुझी छाती..."

"मला ठाऊक आहे. वर्षभर ठाऊक आहे." ती थांबून श्वास घेत होती. "डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प का बसले, वाटलं तुम्हाला? तुमची अब्रू राखायला? धाप लागली तर औषध मिळतं हो. त्या काळात रात्र रात्र तुमची वाट बघत बसायचे, त्यावर मला कुणी औषध दिलं नव्हतं."

 अकरा वर्षं मास्तरांना वाटत होतं, आपण जिंकलो. ती मात्र रोज सहा वाजता मधल्या खोलीचं दार बंद झाल्याचा आवाज ऐकून मगच सुटकेचा श्वास घेत होती, आणि तोही त्याच हवेत.

त्यांनी बाटली घेतली, पण उघडली नाही. बूट तसेच पायात ठेवून ते फोनजवळच्या खुर्चीवर बसले आणि दवाखान्याचा नंबर फिरवला.

"डॉक्टर, त्या दिवशी मी खोटं बोललो. घरात गोंद आहे. वाफेचा. रोज दोन तास, खिडकी बंद करून."

"मग आजपासून तो बंद करा."

"करतो. पण... तो बंद केला तर मी पुन्हा पिईन, अशी भीती वाटते मला."

हे वाक्य त्यांनी आजवर कुणापुढे उच्चारलं नव्हतं, बायकोपुढेही नाही. ती दाराला टेकून ऐकत होती.

 डॉक्टर म्हणाले, "उद्या दोघंही या. दारूच्या भीतीवरही उपचार असतो. आधी तुम्हाला तपासतो."